‘यो गुस्तो’ : व्हाया इंग्रजी शिकलेल्या स्पॅनिशचं एक प्रकरण

कॉलेजात ऐच्छिक विषय म्हणून मी स्पॅनिशचं पहिलं सत्र शिकवते. युरोपीय भाषा चौकटीतला ए-1 हा अगदी पहिला टप्पा: स्वतःची ओळख, घरची माणसं, आवडीनिवडी, वेळ, पत्ता. समोरचा सावकाश आणि सांभाळून घेत बोलला तर साधं बोलणं निभावता यावं, एवढीच अपेक्षा. त्या टप्प्यावर अडकलेल्या एका विद्यार्थिनीची ही हकिगत. तिला विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे.

मध्यसत्राच्या लेखी परीक्षेत तिला 40 पैकी 37 गुण होते, वर्गात सर्वांत जास्त. गाळलेल्या जागा, क्रियापदांची रूपं, लिंग-वचन, सगळं चोख. आठ दिवसांनी तोंडी परीक्षा झाली आणि तिथे मिळाले 10 पैकी 3. अभ्यास न करणारी मुलं लेखी आणि तोंडी दोन्हीकडे सारखीच पडतात, त्यांचं मला कोडं पडत नाही. हिचं पडलं.

चार मिनिटं

प्रश्न माझे एक सहकारी विचारत होते, मी बाजूला बसून टिपणं घेत होते. ती आली, बसली आणि त्यांना म्हणाली, “ओला, कोमो एस्तास?” म्हणजे “काय, कसा आहेस?” सर पन्नाशीचे. तिने त्यांना मराठीत जन्मात ‘कसा आहेस’ विचारलं नसतं.

मग सरांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करायला आवडतं? ती “यो... यो गुस्तो...” म्हणाली आणि थांबली. घड्याळात बघितलं नाही, पण दहा सेकंद तरी गेली असतील. तोंडी परीक्षेत दहा सेकंद म्हणजे फार मोठा काळ. शेवटी आलं, “यो गुस्तो लेएर लिब्रोस.” तिला म्हणायचं होतं, मला पुस्तकं वाचायला आवडतात. पण ‘यो गुस्तो’चा अर्थ होतो ‘मी आवडते’. कुणाला, ते तिने सांगितलंच नाही. सरांनी हसू दाबलं.

पुढे ती म्हणाली, “यो बेओ मि आमिगा एन ला लिब्रेरिआ.” मैत्रिणीला लायब्ररीत भेटते, असं काहीसं तिच्या मनात असणार. लिब्रेरिआ म्हणजे पुस्तकांचं दुकान. लायब्ररीला बिब्लिओतेका म्हणतात. मग सरांनी विचारलं, “कोमो एस तु माद्रे?” तुझी आई कशी आहे, म्हणजे स्वभावाने, दिसायला. तिने उत्तर दिलं, “बिएन, ग्रासिआस.” बरी आहे, आभारी आहे. सरांनी मायेने विचारलं, घाबरली आहेस का? तर “सि, एस्तोय नेर्बिओसो.” मुलगी असून नेर्बिओसो, म्हणजे ‘घाबरलो आहे’.

संस्कृतीवरचा प्रश्न तिने पाठ करून आणला होता. ‘दिआ दे मुएर्तोस’ (मृतांचा दिवस) हा स्पेनचा सण आहे, असं तिने एका दमात म्हणून टाकलं. तो सण मेक्सिकोचा, 1 आणि 2 नोव्हेंबरचा. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत तो 2008 मध्ये गेला, तोही मेक्सिकोच्याच नावावर. स्पेनमध्येही त्या दिवसांत लोक कबरींवर फुलं वाहतात, पण कवट्या-सांगाड्यांचा तो रंगीत सोहळा तिकडचा नव्हे. आमच्या पाठ्यपुस्तकात फ्लामेंको, बैलझुंज, सिएस्ता आणि हा सण एकाच पानावर चित्रांसकट दाटीवाटीने बसवले आहेत. ते पान वाचून मीही गोंधळले असते.

कागदावरच्या खुणा

परीक्षा संपल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. डोळे भरलेले.

“मॅडम, मला सगळं येत होतं. तोंडातून बाहेरच येईना.”

“अगं, त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं, ते सांग.”

“आधी वाक्य केलं, आय लाइक रीडिंग. मग आय म्हणजे यो. लाइक म्हणजे गुस्तार. यो लावलं की गुस्तो...”

“आणि हेच आईला सांगायचं असतं तर काय म्हणाली असतीस?”

“मला वाचायला आवडतं.”

मी कागदावर दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. वर ‘मला आवडतं वाचायला’. खाली ‘मे गुस्ता लेएर’. मेच्या वर मला, गुस्ताच्या वर आवडतं, लेएरच्या वर वाचायला. ती नुसती बघत राहिली. मग दुसरी जोडी: मला पुस्तकं आवडतात, मे गुस्तान लोस लिब्रोस. पुस्तक एक असलं तर आवडतं, अनेक असली तर आवडतात. तिकडेही गुस्ता आणि गुस्तान. क्रियापद आवडणाऱ्या माणसाकडे बघत नाही, आवडलेल्या वस्तूकडे बघतं. हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतून येणाऱ्याला मात्र अख्खं पान खर्चून समजवावं लागतं, आणि आमच्या पुस्तकात ते पान आहे. मीही वर्गात फळ्यावर तेच लिहिलं होतं: ‘गुस्तार म्हणजे टू बी प्लीझिंग टू’. म्हणजे हातात असलेली सरळ वाट बंद करून मीच मुलांना वळसा घालायला लावला होता. तिच्या 3 गुणांत माझाही वाटा होता, हे त्या संध्याकाळी कबूल करणं भाग पडलं.

घरी जाऊन माझी टिपणं पुन्हा वाचली. चुका मोजल्या, नऊ निघाल्या. प्रत्येकीपुढे ती कुठून आली असेल ते लिहिलं. सहा इंग्रजीवाटे आल्या होत्या. ‘कसा आहेस’ ही त्यातलीच, कारण इंग्रजी ‘यू’मध्ये तू आणि तुम्ही यांचा फरकच उरत नाही. लिब्रेरिआ तर उघड उघड लायब्ररीच्या आवाजावरून आलेली. (याच जातीचा सर्वांत महागडा शब्द ‘एम्बारासादा’. एम्बरॅस्ड वाटलं म्हणून मुली तो वापरतात, आणि आपण गरोदर असल्याचं भर वर्गात जाहीर करून बसतात.) नेर्बिओसोही तिथलीच: ‘आय ॲम नर्व्हस’मध्ये बोलणारा पुरुष की बाई हे कळत नाही. ‘घाबरले आहे’ असं मनात म्हटलं असतं तर नेर्बिओसा आपोआप आलं असतं.

वळसा काढून टाकला

उरलेल्या सहा आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, तास संपल्यावर वीसेक मिनिटं आम्ही बसायचो. नियम एकच: मनात इंग्रजी वाक्य आलं तर ते बोलायचं नाही, आधी मराठीत म्हणायचं. तिने वहीत समोरासमोर दोन पानं काढली. एकावर ‘इथे मराठी चालते’, दुसऱ्यावर ‘इथे मराठी नको’. पहिलं पान भराभर भरलं.

सर्वांत मजा आली ती ‘ला’ची. स्पॅनिशमध्ये कर्म ठरावीक माणूस असेल तर त्याच्याआधी ‘आ’ लागतो, वस्तू असेल तर नाही. पुस्तकात याला ‘व्यक्तिवाचक आ’ म्हणून वेगळा धडा आहे आणि मुलं तो दर वर्षी विसरतात. मी तिला फक्त दोन वाक्यं म्हणायला लावली. मी पुस्तक शोधतेय. मी मैत्रिणीला शोधतेय. पहिल्यात ‘ला’ का नाही, असं विचारलं तर तिला सांगता येईना, पण ‘मी मैत्रीण शोधतेय’ म्हटल्यावर लगेच म्हणाली, “मॅडम, त्याचा अर्थच बदलला. म्हणजे कुणीतरी मैत्रीण हवी आहे.” बरोबर तेच! ‘बुस्को उन मेदिको’ म्हणजे डॉक्टर शोधतोय, कोणीही चालेल. ‘बुस्को आल मेदिको’ म्हणजे डॉक्टरांना शोधतोय, ते ठरावीक डॉक्टर. दोन भाषांमध्ये इतकं अंतर असून ही बारीक शिवण अगदी एका जागी यावी, याचं मला अजून नवल वाटतं. त्या दिवसानंतर तिच्याकडून हा ‘आ’ सुटल्याचं आठवत नाही.

दुहेरी नकाराचंही तसंच. ‘नो बिएने नुन्का’ याचं शब्दशः ‘येत नाही कधीच’ होतं, आणि आपण ‘कधीच येत नाही’ म्हणतोच. कर्ता गाळण्याचंही. तिच्या बोलण्यात दर वाक्याला ‘यो’ यायचा. मराठीत कुणी दर वाक्याला ‘मी मी’ केलं तर कसं वाटतं, एवढं विचारल्यावर तो गेला.

उच्चारात एक गंमत सापडली. ती ‘टेंगो’ म्हणायची, ‘माड्रिड’ म्हणायची. तिची जीभ वाकडी नव्हती, डोळे फसवत होते. रोमन लिपीतला ‘टी’ दिसला की आपण ट म्हणतो, ‘डी’ दिसला की ड, कारण टेबल आणि डॉक्टर असेच आपल्याकडे आले. स्पॅनिशमधले हे वर्ण दातांना जीभ टेकवून उच्चारायचे, आपल्या त आणि द सारखे. इंग्रजी भाषकाला हा त मुद्दाम शिकावा लागतो. तिला एक दुपार पुरली. ‘वर्तमानपत्रात क्रीडा पानावर काय छापतात, माद्रिद की माड्रिड?’ एवढंच विचारलं. ‘पेरो’ म्हणजे पण, आणि र घोळवून ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, हे तिला पहिल्यापासून जमत होतं.

गप्प बसण्यावरचा उपाय मात्र व्याकरणाबाहेरचा होता. मराठीत शब्द आठवेना झाला की आपण गप्प बसत नाही. ‘म्हणजे’, ‘तर’, ‘बघू’ असं काहीतरी पेरत राहतो. स्पॅनिशमध्ये तिच्याकडे पेरायला काहीच नव्हतं, म्हणून सरळ शांतता. ‘पुएस’ (तर), ‘ओ सेआ’ (म्हणजे) आणि ‘आ बेर’ हे तीन शब्द दिले. आ बेर म्हणजे अक्षरशः ‘बघू’. पहिल्या धड्यात शिकवायला हवेत असे हे शब्द पुस्तकात कुठेच नाहीत.

तू, तुम्ही आणि उस्तेद

‘कसा आहेस’वर मात्र सहकाऱ्यांचं आणि माझं एकमत झालं नाही. ते म्हणाले, स्पेनमध्ये हल्ली विद्यार्थी शिक्षकांना सर्रास ‘तू’ म्हणतात, ही चूक धरू नका. खरं आहे. म्हणून तिला मी ‘स्पॅनिशमधला तू म्हणजे आपला तू आणि उस्तेद म्हणजे आपला तुम्ही’ असं सोपं समीकरण दिलं नाही. उस्तेद हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला. म्हणून समोरच्याशी बोलत असतानाही त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी येतं. आपण समोरच्यालाच ‘साहेब काय घेतील?’ असं विचारावं तसं. पण तो कुणाला वापरायचा हे देशागणिक बदलतं. कोलंबियाच्या बोगोता भागात आणि कोस्टा रिकात घरच्या, अगदी जिव्हाळ्याच्या माणसालाही उस्तेद म्हणतात, आणि त्यात दुरावा नसतो. अर्जेंटिनात ‘तू’च नाही, तिथे ‘बोस’. ‘तू एरेस’ऐवजी ‘बोस सोस’. अनेकवचनात स्पेन ‘बोसोत्रोस’ वापरतो, लॅटिन अमेरिका सगळ्यांना ‘उस्तेदेस’. वीस देशांची राजभाषा असलेल्या भाषेला एकच शिष्टाचार कसा असेल? अनोळखी किंवा वयाने मोठं माणूस असेल तर उस्तेदने सुरुवात कर, समोरचा ‘तू म्हण’ म्हणाला की तू, एवढंच तिला सांगितलं. ए-1ला पुरतं.

संस्कृतीचं ते चित्रांचं पान बाजूला ठेवून आम्ही वेळेकडे वळलो. ‘बुएनास तार्देस’ हे अभिवादन कधीपासून कधीपर्यंत? तिला वाटत होतं, तार्दे म्हणजे दुपार. पण तार्देमध्ये आपली दुपार आणि संध्याकाळ दोन्ही येतात. स्पेनमध्ये ती सुरू होते जेवणानंतर, आणि जेवण दोन-तीनला. रात्रीचं जेवण नऊ-दहाला. यामागे हवामान आहे, सवय आहे, आणि घड्याळही आहे: 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळं मध्य युरोपच्या वेळेला लावली गेली, ती तशीच राहिली. देश बराचसा ग्रिनिचच्या पश्चिमेला, वेळ मात्र बर्लिनची. तिथला सूर्य घड्याळाच्या मागून येतो. हे ऐकल्यावर दीड वाजता ‘बुएनोस दिआस’ (सुप्रभात) का म्हणतात ते तिने पुन्हा विचारलं नाही.

जिथे मराठीने दगा दिला

तिसऱ्या आठवड्यात ती धावत आली. “मॅडम, सापडलं! सेर म्हणजे असतो आणि एस्तार म्हणजे आहे.”

स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. इंग्रजीत एकच. आपल्याकडे ‘आकाश निळं असतं’ आणि ‘आज आकाश निळं आहे’ असा भेद आहेच. मला एक दिवस हे पटलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी मीच तिच्यापुढे वाक्य ठेवलं: ती दुपारी घरी असते. ‘असते’ आहे, पण स्पॅनिशमध्ये ‘एस्ता एन कासा’, म्हणजे एस्तार. पुढे: आज सोमवार आहे. उद्या तो नसणार, तरी ‘ओय एस लुनेस’, म्हणजे सेर. ‘तो मेला आहे’ यात एस्तार, आणि मरणाहून कायमचं काय असतं? ‘कायमचं आणि तात्पुरतं’ हा पुस्तकातला नियमही त्याच वाक्यावर फुटला.

मग प्रश्न बदलून बघितले. कोण, काय, कसला, कुठला, याचं उत्तर असेल तर सेर. कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, याचं उत्तर असेल तर एस्तार. बरंचसं निभावलं. एक खाच उरली: कार्यक्रमाची जागा सांगताना सेर. ‘दोन्दे एस एल एक्सामेन’ म्हणजे परीक्षा कुठे होणार आहे, आणि ‘दोन्दे एस्ता एल एक्सामेन’ म्हणजे पेपरचा कागद कुठे गेला. तिने दोन्ही वाक्यं लिहून घेतली. ‘कोमो एस तु माद्रे’चं कोडंही इथेच सुटलं. नऊपैकी ही चूक इंग्रजीची नव्हतीच. मराठीतही ‘आई कशी आहे?’ हे तब्येतीबद्दल की स्वभावाबद्दल, ते बोलण्याच्या ओघावरूनच कळतं.

‘मला’ही हाताबाहेर गेला. मला भूक लागली आहे, मला दोन भाऊ आहेत, मला सर्दी झाली आहे. मराठी माणसाला सगळं ‘मला’ होतं. तिने सरळ ‘मे सोन दोस एर्मानोस’ लिहिलं. स्पॅनिशमध्ये भाऊ आणि भूक दोन्ही जवळ बाळगायच्या वस्तू आहेत: ‘तेंगो दोस एर्मानोस’, ‘तेंगो आम्ब्रे’. शिवाय ‘आईला पुस्तकं आवडतात’ यात आपला एक ‘ला’ पुरतो, तिकडे ‘आ मि माद्रे ले गुस्तान’, म्हणजे ‘आईला तिला आवडतात’ असं दोनदा सांगावं लागतं. तो ‘ले’ ती गाळायची.

तिसरी चूक माझी. उच्चार पक्के व्हावेत म्हणून मी तिला देवनागरीत लिहू दिलं होतं. त-द सुधारले, पण आघात हरवले. ‘आब्लो’ हे पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर ‘मी बोलते’, शेवटच्यावर दिलं तर ‘तो बोलला’. स्पॅनिश लिपीत दुसऱ्यावर खूण असते, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे तिला ते ऐकूही येत नव्हतं. शेवटी लाल पेनाने आघाताच्या अक्षराखाली रेघ मारायला लावली, आणि चौथ्या आठवड्यापासून देवनागरी बंद केली. दोन आठवडे आधी करायला हवी होती.

सत्राच्या शेवटी

शेवटच्या तोंडी परीक्षेत तिला 10 पैकी 7 मिळाले. सर तेच. ती आत येऊन म्हणाली, “बुएनास तार्देस. कोमो एस्ता उस्तेद?” मी कागदावर चुका मोजल्या: अकरा. म्हणजे पहिल्या वेळेपेक्षा दोन जास्त. पण पहिल्या वेळी ती जेमतेम सहा वाक्यं बोलली होती, या वेळी मला लिहिता लिहिता पुरे झालं. अकरांपैकी दोनच इंग्रजीवाटे आल्या होत्या, बाकी बहुतेकींवर मराठीचा ठसा. ‘ले’ दोनदा गळला, आघात तीनदा चुकला. मध्ये एकदा अडली तेव्हा “आ बेर...” म्हणाली, आणि सर थांबले.

सहकाऱ्यांचा आक्षेप कायम आहे. ते म्हणतात, ही कुबडी आहे, पुढच्या सत्रात मोडेल. आणि वर्गात ज्यांची मातृभाषा मराठी नाही त्यांचं काय? दुसऱ्या प्रश्नावर मी एवढंच करते: गुस्तारचा धडा आला की प्रत्येकाला आपापल्या भाषेत ‘मला हे आवडतं’ म्हणायला लावते, आणि फळ्यावर सगळी वाक्यं एकाखाली एक लिहिते. टू बी प्लीझिंग टू आता कुणाला सांगत नाही. कुबडीबद्दल मात्र त्यांचं अगदीच चूक नाही.

तिने दुसऱ्या सत्राला नाव घातलं. पहिल्या आठवड्यात भूतकाळ सुरू झाला. तास संपायच्या आत हात वर. “मॅडम, मी पुस्तक वाचलं, मी पुस्तकं वाचली. इथे क्रियापद पुस्तकाकडे बघतं. तिकडेही तसंच का?”

नाही, म्हटलं. ‘लेई उन लिब्रो’, ‘लेई दोस लिब्रोस’. पुस्तकं कितीही असोत, लेई ते लेईच.

तिने जुनी वही उघडली, उजवीकडचं पान काढलं आणि ‘इथे मराठी नको’च्या खाली पुढचा आकडा घातला.